चाकातली हवा आणि वाळूचा समुद्र

दाबाचा धडा शिकवताना उंटाचे उदाहरण आपण हमखास देतो. उंटाचे पाऊल पसरट असते, त्यामुळे त्याचे वजन मोठ्या क्षेत्रफळावर विभागले जाते, दाब कमी होतो आणि उंट वाळूत रुतत नाही. मुले हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, आणि धडा तिथेच संपतो. याच धड्याला मोटारीचाही एक इतिहास आहे. तो फारसा सांगितला जात नाही. खरे तर तो उंटाच्या उदाहरणापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण उंटाला पाऊल जन्मतःच मिळाले, माणसाला मात्र चाकाचे पाऊल विचार करून घडवावे लागले.

नदीच्या कोरड्या पात्रातून ज्याने सायकल नेली आहे, त्याला प्रश्न लगेच कळेल. डांबरी रस्त्यावर टायर जितका टणक, तितकी सायकल हलकी चालते. वाळूत शिरताच तोच टणक टायर सुरीसारखा आत जातो आणि उतरून सायकल ढकलावी लागते. लोखंडी धावेची बैलगाडी पात्रात अडते आणि टायरची गाडी तीच जागा कमी कष्टात पार करते, हेही खेड्यातल्या मुलांनी पाहिलेले असते. मग प्रश्न असा की, चाकात हवा किती असावी? भरपूर, की कमी? या साध्या प्रश्नाचे उत्तर एका प्रचंड वाळवंटात कसे सापडले, ते आपण पाहू.

उंटही जिथून परतले

इजिप्तच्या पश्चिमेला, लिबियाच्या सरहद्दीच्या दोन्ही अंगांना एक प्रदेश आहे. त्याला 'वाळूचा महासमुद्र' असे नाव पडले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव हिस्सा. वाळूच्या टेकड्यांच्या लांबच लांब रांगा इथे साधारण उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत. काही रांगांची उंची शंभर मीटरच्या आसपास भरते. दोन रांगांच्या मधल्या पट्ट्यातून उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जाता येते, पण पूर्वेकडून पश्चिमेला जायचे तर एकामागून एक भिंती ओलांडाव्या लागतात.

गेरहार्ड रोल्फ्स या जर्मन प्रवाशाने १८७४ मध्ये हा प्रयत्न केला. दाखला मरूद्यानातून निघून त्याला पश्चिमेच्या कुफ्रा मरूद्यानात पोचायचे होते. मोठा उंटांचा काफिला आणि सोबत भूगर्भशास्त्रज्ञ व सर्वेक्षक अशी जय्यत तयारी होती. पण या भिंतींपुढे काफिला थांबला. वाटेत एका मुक्कामी चक्क पाऊस पडला, म्हणून रोल्फ्सने त्या जागेला 'पावसाचे रान' अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. तिथून त्याने पश्चिमेचा नाद सोडला आणि टेकड्यांच्या मधल्या पट्ट्यातून उत्तरेला सीवा मरूद्यान गाठले. म्हणजे ज्याच्या पावलाचे आपण धड्यात कौतुक करतो, त्या उंटाचाही इथे निरुपाय झाला. रुतण्याखेरीज इथे पाण्याचा, चाऱ्याचा आणि अंतराचा प्रश्न होता.

अशा प्रदेशात अडकून पडणे म्हणजे काय, याची कल्पना नंतरच्या एका घटनेवरून येते. मे १९४२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाची तीन विमाने कुफ्राजवळ वाट चुकून वाळवंटात उतरली. विमाने धड होती, माणसेही सुखरूप होती. पाणी मात्र थोडेच होते. शोध लागेपर्यंत बारांपैकी अकरा जण मरण पावले होते. या वाळवंटात एका जागी खिळून राहणे किती महाग पडते, हे लक्षात ठेवूनच चाकाच्या प्रश्नाकडे पाहायला हवे.

टणक चाकांचा काळ

वाळवंटात मोटार आली ती पहिल्या महायुद्धात. १९१६ पासून इजिप्तच्या पश्चिम सीमेवर इंग्रजांच्या हलक्या मोटारींच्या गस्ती तुकड्या फिरू लागल्या. त्यांच्याकडे फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' गाड्या होत्या. गाडी हलकी आणि दणकट, पण टायर जेमतेम साडेतीन इंच रुंद. त्यात हवा असे साधारण ५५ ते ६० पौंड. टायरवाल्याकडे आपण ज्याला नुसते 'पौंड' म्हणतो, तो दर चौरस इंचावरचा पौंडांतला दाब होय. सुमारे १४ पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

टायर इतके अरुंद आणि टणक का होते? याला कारण होते. हवेच्या टायरचा पहिला एकस्वहक्क रॉबर्ट थॉम्सनने १८४५ मध्ये घेतला होता, पण तो विस्मरणात गेला. १८८८ मध्ये जॉन डनलॉपने तो सायकलसाठी नव्याने शोधला. १८९५ मध्ये मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. या सुरुवातीच्या टायरांच्या आत विणलेले कापड असे, उभे-आडवे धागे असलेले. टायर वाकला की हे धागे एकमेकांवर घासत, तापत आणि तुटत. म्हणून टायर फार वाकूच नये, यासाठी हवा ठासून भरावी लागे. पुढे एका दिशेने मांडलेल्या, रबरात बुडवलेल्या दोऱ्यांचे थर वापरात आले. दोरे एकमेकांवर घासेनात. त्यामुळे टायरच्या बाजू लवचिक करता आल्या. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये रुंद, कमी दाबाचे टायर बाजारात आले. त्यांना 'बलून' टायर म्हणत. त्यात जुन्याच्या निम्म्यानेच दाब पुरे. हे टायर निघाले ते प्रवाशांना धक्के कमी बसावेत म्हणून. वाळवंटाचा विचार त्यात नव्हता.

दरम्यान वाळूवर चालण्याचा दुसरा एक मार्ग निघाला होता. तो म्हणजे मागच्या चाकांऐवजी रबरी पट्टा बसवणे. सित्रोएँ कंपनीच्या अशा गाड्यांनी डिसेंबर १९२२ ते जानेवारी १९२३ मध्ये सहारा ओलांडून टिंबक्टू गाठले. इजिप्तचे राजपुत्र कमालुद्दीन हुसेन यांनीही अशाच गाड्या घेऊन लिबियन वाळवंटात मोहिमा काढल्या आणि १९२६ मध्ये गिल्फ कबीर हे विशाल पठार नकाशावर आणले. पट्ट्याचा पाया मोठा, म्हणून दाब कमी. तत्त्व अगदी बरोबर होते. पण या गाड्या सावकाश चालत आणि वजनाच्या मानाने इंधन फार पीत. जिथे इंधनाचा प्रत्येक डबा स्वतःच वाहून न्यायचा, तिथे ही मोठीच अडचण होती.

एक इंजिनिअर आणि त्याचे मित्र

राल्फ बॅगनॉल्ड (१८९६-१९९०) हा इंग्रज सैन्यातला इंजिनिअर. १९२६ मध्ये त्याची इजिप्तमध्ये नेमणूक झाली. सुटी मिळाली की तो आणि त्याचे काही मित्र स्वखर्चाने मोटारी घेऊन वाळवंटात जात. आधी 'मॉडेल टी' आणि १९२९ च्या मोहिमेपासून नवी 'मॉडेल ए'. या नव्या गाडीला कारखान्यातूनच बलून टायर येत असत.

सैन्याचे पाठबळ नव्हते, पैसा बेताचा होता. त्यामुळे प्रत्येक अडचणीवर जवळ असेल त्यातून उपाय काढावा लागे. रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ उडून जाई. त्यांनी एका नळीने ती वाफ गाडीच्या बाजूला बांधलेल्या पाण्याच्या डब्यात नेली. तिथे ती थंड होऊन पुन्हा पाणी होई. लोखंडी गाडीत होकायंत्र चुकते, म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा दाखवणारी तबकडी त्यांनी सुधारून घेतली. रुतलेल्या चाकाखाली सरकवायला कैरोच्या एका भंगारवाल्याकडे लोखंडी पन्हळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालण्यासाठी त्या बनवल्या होत्या.

आणि चौथा उपाय सर्वांत स्वस्त होता. त्याला काहीच विकत आणावे लागत नव्हते. मऊ वाळू आली की टायरमधली हवा कमी करायची.

या गटाने १९२९ आणि १९३० मध्ये वाळूच्या महासमुद्रात गाड्या घातल्या. पुढे टेकडी उभी ठाकली की मनुष्यस्वभावाने गाडी हळू होते. इथे मात्र हळू होणे म्हणजे रुतणे. बॅगनॉल्डने उलटे केले. त्याने वेग वाढवून, ताशी सुमारे ४० मैलांनी, गाडी सरळ उतारावर घातली. एखाद्या उद्वाहकात बसल्यासारखी गाडी अलगद वर चढत गेली, असे त्याने नंतर लिहून ठेवले आहे. हवा कमी, वेग पुरेसा आणि वाळूची योग्य बाजू, या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा भिंतीचा रस्ता झाला. तिसऱ्या गोष्टीकडे आपण थोड्या वेळाने येऊ. आधी हवेचा हिशेब करू.

हवेचे गणित

समजा, सामानासह गाडीचे वजन ३,००० किलो आहे आणि ते चार चाकांवर सारखे वाटले आहे. प्रत्येक चाकावर ७५० किलो. टायरची बाजू अगदी मऊ मानली, तर हा सगळा भार आतली हवाच पेलते. मग जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ म्हणजे भार भागिले हवेचा दाब. दाब ३ किलो (सुमारे ४३ पौंड) असेल तर क्षेत्रफळ २५० चौरस सेंटिमीटर. दाब १ किलोवर (सुमारे १४ पौंड) आणला तर क्षेत्रफळ ७५० चौरस सेंटिमीटर. वाळूवर पडणारा दाब तिसऱ्या हिश्शावर आला.

हे जादा क्षेत्रफळ कुठून येते? टायर आडवा पसरतो, असे बहुतेकांना वाटते. थोडा पसरतोही. पण खरी वाढ होते ती लांबीत. टायरची रुंदी २० सेंटिमीटर धरली, तर टेकलेला भाग पहिल्या वेळी साडेबारा सेंटिमीटर लांब होता, तो आता साडेसदतीस सेंटिमीटर झाला. म्हणजे चाकाला खालच्या बाजूने छोटा पट्टाच तयार झाला. सित्रोएँच्या गाडीला जे वेगळे यंत्र बसवून साधावे लागले, ते इथे थोडी हवा सोडून साधले.

आता भूमितीचा एक प्रश्न वर्गाला घालता येईल. चाकाची त्रिज्या ४० सेंटिमीटर आहे. टेकलेला भाग ही वर्तुळाची जीवा मानली, तर टायर किती खाली दबला? जीवेच्या लांबीच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागले की जवळपास उत्तर मिळते. पहिल्या वेळी येते अर्धा सेंटिमीटर आणि दुसऱ्या वेळी सुमारे ४.४ सेंटिमीटर. दाब तिसऱ्या हिश्शावर आला, लांबी तिप्पट झाली, पण दबणे मात्र नऊपट वाढले. हा नऊचा आकडा विसरू नका. त्याची किंमत पुढे मोजावी लागणार आहे. खऱ्या टायरच्या बाजूला स्वतःचा ताठपणा असतो आणि तीही थोडा भार पेलते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे इतके टोकाचे येत नाहीत. दिशा मात्र हीच राहते.

रुतण्याने गाडी का अडते, हेही स्पष्ट करायला हवे. चाक खाली गेले की त्याच्यापुढे वाळूची पायरी उभी राहते. ४० सेंटिमीटर त्रिज्येचे टणक चाक १० सेंटिमीटर रुतले, तर त्याच्या पुढच्या काठाशी चढ सुमारे ४१ अंशांचा होतो. ३ सेंटिमीटरच रुतले तर तो २२ अंशांवर येतो. म्हणजे सपाट दिसणाऱ्या वाळूतही गाडी सतत चढावरच असते, आणि तो चढ ती स्वतःच खणत जाते. इंजिनाचा जोर वाढवला की चाक जागीच फिरते, वाळू मागे फेकते आणि खड्डा आणखी खोल होतो. शक्ती कमी पडते म्हणून गाडी अडली, असे वाटून चालक जितका जोर लावेल तितका तो खाली जातो.

टायर निवडायचा तो कसा?

यावरून वाळूसाठी कोणता टायर चांगला, हे ठरवता येते. तो मोठ्या व्यासाचा आणि रुंद असावा, कारण मग त्याच दाबाला तो कमी दबतो. त्याच्या बाजू लवचिक असाव्यात. चिखलात लागतात तशा खोल, धारदार खाचा इथे नकोत. चिखलाच्या टायरचे दात खालच्या घट्ट थरात जाऊन पकड घेतात. कोरड्या वाळूत मात्र ते फावड्यासारखे काम करतात आणि वाळूची घट्ट बसलेली वरची साय फोडून टाकतात. म्हणून वाळवंटासाठी खास बनवलेल्या टायरांचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत, फार तर उथळ उभ्या रेघांचा असे.

मालगाडीला मागे दोन-दोन चाकांची जोडी असते. रस्त्यावर ती सोयीची, पण वाळूत तोट्याची ठरते. पुढच्या चाकाने वाळू दाबून जो चर तयार केलेला असतो, त्यातूनच मागचे चाक गेले तर त्याला कमी कष्ट पडतात. जोडीची चाके मात्र चराच्या कडेची न दाबलेली वाळू नव्याने दाबत जातात. म्हणून मागेही एकेकच रुंद चाक असलेले चांगले.

कोणती वाळू घट्ट, कोणती मऊ?

आता ती तिसरी गोष्ट. वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. वारा येतो ती बाजू लांबट उताराची, तर आडोशाची बाजू एकदम उभी, ३२ ते ३४ अंशांची असते. वाऱ्याच्या बाजूला कण उड्या मारत येतात आणि आधीच्या कणांवर आपटून त्यांना ठोकून बसवतात, त्यामुळे ती बाजू घट्ट होते. आडोशाच्या बाजूला वाळू नुसती घसरून पडते. तिथे कण एकमेकांवर सैल रचलेले असतात. दोन्ही वाळू दिसायला सारख्याच, पण एकीवर गाडी धावते आणि दुसरीत आसापर्यंत जाते. शिवाय घट्ट भागातही मधूनमधून मऊ वाळूची डबकी असतात. भर दुपारी सावली पडत नाही, तेव्हा उंचसखल काहीच कळत नाही आणि चालक फसतो.

हे अनुभवाने कळले होते. असे का होते, हा प्रश्न बॅगनॉल्डला गप्प बसू देईना. १९३५ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये स्वतः एक वाऱ्याचा बोगदा बांधला, त्यात वाळू उडवली आणि मोजमापे घेतली. कण सरपटतात, उड्या मारतात की तरंगतात, यांपैकी मुख्य वाहतूक उड्यांनी होते, हे त्याने दाखवले. वाहून जाणारी वाळू ही वाऱ्याच्या जमिनीलगतच्या जोराच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हेही त्याने मांडले. १९४१ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या अभ्यासाची सुरुवात आजही त्याच पुस्तकापासून धरली जाते. १९४४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. विद्यापीठातली जागा नसलेल्या माणसाने, सुटीतल्या भटकंतीत पडलेल्या प्रश्नातून ही शाखा उभी केली, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

भिंतीचे दार झाले

१९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली. लिबिया इटलीच्या ताब्यात होता आणि वाळूचा महासमुद्र ही आपली नैसर्गिक तटबंदी आहे, तिथून कोणी येणार नाही, असा इटालियन सैन्याचा समज होता. पुन्हा सेवेत आलेल्या बॅगनॉल्डने सेनापती वेव्हेल यांच्यापुढे योजना मांडली आणि काही आठवड्यांत एक लहान पथक उभे केले. पुढे ते 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' या नावाने ओळखले गेले. पहिले सैनिक बहुतेक न्यूझीलंडचे होते. पुढे याच कामासाठी भारतीय सैनिकांचे एक पथकही तयार झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गस्ती तुकड्या वाळूचा महासमुद्र ओलांडून पलीकडे उतरल्या.

या पथकाच्या गाड्या कोणत्या होत्या, ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला शेव्हरोले कंपनीच्या दीड टनी गाड्या घेतल्या. त्यांना फक्त मागच्या दोन चाकांना शक्ती मिळे. १९४१ मध्ये त्यांच्या जागी चारही चाके ओढणाऱ्या फोर्ड गाड्या आल्या. जोर जास्त म्हणजे वाळूत त्या सरस ठरतील, असे कोणालाही वाटेल. पण त्या जड होत्या आणि पेट्रोल फार पीत. १९४२ मध्ये पथकाने पुन्हा दोन चाके ओढणाऱ्या शेव्हरोले गाड्याच घेतल्या. हलकी गाडी, रुंद टायर, योग्य दाब आणि कसलेला चालक असला की चार चाकांच्या जोराची उणीव भरून निघत होती, आणि वाचलेल्या पेट्रोलमुळे पल्ला वाढत होता.

किंमत

हवा सोडणे इतके सोपे आणि फायद्याचे असेल, तर टायर नेहमीच मऊ का ठेवू नये? इथे तो नऊचा आकडा परत येतो. मऊ टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते. रबर वाकवण्यात खर्च झालेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, तिचा काही भाग उष्णतेत जातो. वाळूत सावकाश जाताना हे खपते. पण पुढे खडकाळ, घट्ट जमीन लागली आणि तसाच मऊ टायर वेगाने पळवला, तर तो तापतो, आतले थर सुटू लागतात आणि शेवटी फुटतो. दगडाच्या कडेवर मऊ टायरची बाजू चिरतेही. शिवाय दाब फार उतरवून एकदम वळण घेतले, तर टायर धावेवरून निसटतो. म्हणून वाळू संपली की थांबून पुन्हा हवा भरायची, हा नियम.

आणि नियम मोडायचा मोह इथेच होतो. हवा सोडायला काही मिनिटे लागतात. ती परत भरायची म्हणजे रणरणत्या उन्हात, प्रत्येक चाकाला हातपंपाने शेकडो वेळा खाली-वर करायचे, आणि दोन मैलांवर पुन्हा वाळू लागली की तीच हवा सोडून द्यायची. मग चालक म्हणतो, असू दे, निघेल गाडी अशीच. कधी तो टणक टायर घेऊन वाळूत शिरतो, कधी मऊ टायर घेऊन खडकावर. शास्त्र ठाऊक असूनही कष्टाच्या कंटाळ्याने ते बाजूला पडते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे प्रसंग पुष्कळ आहेत.

यावर उपाय निघाला तो अमेरिकेत. १९४२ मध्ये पाण्यात आणि जमिनीवर चालणारी 'डक' नावाची सहा चाकी गाडी तयार झाली. समुद्रातून ती थेट पुळणीवर चढत असे. पुळणीच्या मऊ वाळूत दाब कमी हवा, लगेच पुढे रस्त्यावर जास्त हवा. म्हणून तिच्यात अशी योजना केली की चालकाने आपल्या जागेवरूनच, गाडी चालू असताना, सहाही टायरांतली हवा कमी-जास्त करावी. १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर अशा गाड्या मोठ्या संख्येने उतरल्या. युद्धानंतर सोव्हिएत संघाने हीच पद्धत आपल्या मालगाड्यांत आणली. १९५८ पासून निघालेली 'झिल-१५७' ही त्यांपैकी प्रसिद्ध गाडी. शास्त्रात यामुळे नवी भर पडली नाही. पण योग्य गोष्ट करणे सोपे झाले, म्हणून ती केली जाऊ लागली.

जिथे हवाच नाही

चंद्रावर रबरी टायर चालत नाही. तिथली थंडी, ऊन आणि निर्वात पोकळी रबराला सोसत नाही. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर गाडी चालवली, तिची चाके पोलादी तारेच्या जाळीची होती. आत हवा नव्हती, तरी भार पडताच जाळी दबून तिचा टेकलेला भाग लांब होई. महत्त्व हवेला नव्हते, दबण्याला होते, हे त्या चाकाने दाखवून दिले.

मंगळावर गेलेल्या गाड्यांची चाके मात्र कडक धातूची होती. २००५ मध्ये 'ऑपॉर्च्युनिटी' ही गाडी वाळूच्या एका लहानशा उंचवट्यात रुतली आणि पाच आठवड्यांच्या खटपटीनंतर बाहेर निघाली. २००९ मध्ये 'स्पिरिट' मऊ मातीत रुतली, ती निघालीच नाही. तिच्या चाकातली हवा कोणी सोडू शकत नव्हते, कारण ती मुळी नव्हतीच. आता वाकून पुन्हा पूर्वीच्या आकारात येणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या तारांची चाके नासा बनवून पाहत आहे. 'क्युरिऑसिटी' ही गाडी २०१५ च्या अखेरीस मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांच्या एका पट्ट्यापाशी पोचली. त्या टेकड्यांना शास्त्रज्ञांनी बॅगनॉल्डचेच नाव दिले आहे.

वर्गात करून पाहा

या सगळ्यातला मुख्य मुद्दा तासाभरात शाळेच्या व्हरांड्यात पडताळता येतो. एक सायकल, दाब मोजायचे साधन असलेला पंप, आलेख कागद, कार्बन पेपर आणि वजनकाटा एवढे साहित्य पुरे. मागच्या चाकाखाली काटा ठेवा, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा, एका मुलाला सायकलवर बसवा आणि मागच्या चाकावरचा भार नोंदवा. मग सायकल जमिनीवर घ्या. आलेख कागदावर कार्बन पेपर ठेवून चाक अलगद त्यावर टेकवा, तोच मूल वर बसू दे, आणि चाक न फिरवता उचला. कागदावर लंबगोल ठसा उमटेल. चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. हवा थोडी-थोडी कमी करत चार-पाच वेळा हेच करा.

प्रत्येक वेळी भाराला क्षेत्रफळाने भागा आणि येणारा आकडा पंपावरच्या दाबाशी ताडून पाहा. दोन्ही आकडे जवळ येतील, पण तंतोतंत जुळणार नाहीत. ते का जुळत नाहीत आणि हवा कमी होत जाते तसा फरक वाढतो की घटतो, हे मुलांनाच शोधू द्या. ठशाची लांबी आणि रुंदी वेगवेगळी मोजायला सांगा, म्हणजे कोणती जास्त वाढते ते त्यांच्याच हाताने कागदावर येईल. शेवटी मैदानातल्या उडी मारायच्या वाळूच्या खड्ड्यातून तीच सायकल एकदा टणक आणि एकदा मऊ टायरने न्यायला लावा. प्रयोग झाल्यावर पंप त्यांच्याच हाती द्या आणि हवा पूर्ववत भरून घ्या.